तुळशाचा रिफ

एका गावात एक बँड होता आणि त्या बँडमध्ये तुळशीराम नावाचा एक भोळा क्लॅरिनेटवाला होता. सगळे त्याला तुळशा म्हणत. क्लॅरिनेट तोंडात असली की तुळशा बहार उडवी. ती बाजूला ठेवली की तोंडातून शब्द फुटत नसे. मुलगी बघायला जाऊन तासभर नुसता पोह्यांकडे बघत बसल्यामुळे त्याची दोन स्थळं मोडली होती. आता तिसरं आलं होतं. "हेही मोडलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जायची नाही," असं त्याच्या आईनं बजावलं.

तुळशा घाबरून लोबो मास्तरांकडे गेला. बँड त्यांचाच. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलात जाझ वाजवलेला माणूस.

"मास्तर, चार माणसांत बोलायचं कसं?"

"रिफ मारायचा," मास्तर म्हणाले. "जाझमध्ये सुरांचा लहानसा तुकडा धरायचा आणि तोच पुन्हा पुन्हा वाजवायचा, दर वेळी थोडा फिरवून. त्याला रिफ म्हणतात. इंग्रजी बोलणारी माणसं आता बोलण्यालाही तेच म्हणतात. समोरचा काही बोलला की तेच धरून पुढं वाढवत न्यायचं."

"हात्तिच्या! एवढंच?"

वाटेत शेजारचे बाळूअण्णा कपाळाला हात लावून बसले होते. "तुळशा, म्हस गेली रं."

तुळशानं तुकडा धरला. "म्हस गेली. आता रेडकू जाईल. मग गोठा जाईल. मग अण्णा, तुम्ही..."

अण्णांनी पायातली चप्पल काढली.

तुळशा पळत मास्तरांकडे आला. मास्तर म्हणाले, "रिफ ठीक होता, जागा चुकली. अशा ठिकाणी तोंड पाडायचं, डोळे पुसायचे आणि म्हणायचं, 'देवाची मर्जी. आपल्या हातात काय असतं?'"

"हे आधी सांगायचं ना!"

दुसऱ्या दिवशी गेनबा पेढे वाटत आला. "तुळशा, सुनेला जुळं झालं!"

तुळशानं तोंड पाडलं, डोळे पुसले. "देवाची मर्जी. आपल्या हातात काय असतं? एक असतं तर कसंबसं सोसलं असतं."

गेनबानं दिलेला पेढा परत घेतला.

"रिफ ठीक होता, जागा चुकली," मास्तर म्हणाले. "तिथं टाळ्या पिटायच्या आणि 'वन्स मोअर' ओरडायचं."

"हे आधी सांगायचं ना!"

त्याच संध्याकाळी नव्या मोटारसायकलवरून सरपंच चिखलात आडवे झाले. अख्खा चौक हळहळला. तुळशानं तेवढ्या टाळ्या पिटल्या. "वन्स मोअर! वन्स मोअर! आता डबल सीट!"

सरपंचांना आधी उठायचं होतं, म्हणून तुळशा वाचला.

मास्तरांनी डोकं धरलं. "रिफ ठीक होता, जागा चुकली. अरे बाबा, माणूस खाली गेलेला दिसला की धावायचं. खांद्याला धरून उभं करायचं आणि 'कुठं लागलं?' असं विचारायचं."

"हे आधी सांगायचं ना!"

मग मुलगी बघायचा दिवस आला. मुलीचं नाव कौसल्या. तिनं पोहे ठेवले आणि रीतीप्रमाणे तुळशाच्या आईच्या पाया पडायला वाकली. झालं! तुळशा धावला. खांद्यांना धरून त्यानं तिला उभं केलं.

"कुठं लागलं? गुडघ्याला लागलं? कोपराला लागलं? आईनं पाडलं का?"

आईनं पदरात तोंड लपवलं. मुलीचा बाप लाल झाला. कौसल्या मात्र इतकी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. बापाला आत बोलावून तिनं सांगून टाकलं, "करीन तर ह्याच्याशीच."

बाप नाइलाजानं कबूल झाला, पण एका अटीवर. "मांडवात एक जरी खुळेपणा झाला, तर पोरीला गाडीत घालून परत नेईन."

पोरगा बिचारा हादरला. कौसल्या त्याला मनापासून आवडली होती. मास्तरांनी त्याला पुढ्यात बसवलं. "नीट ऐक. बाईमाणूस समोर आलं की दोन हात लांब राहायचं. हात जोडायचे. 'ताई' म्हणायचं. 'दाजी बरे आहेत ना?' एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. फिरवाफिरवी नको."

"हे आधी सांगायचं ना!"

लग्नाच्या सकाळी तुळशानं कमाल केली. मुलीच्या मावश्या आल्या, चुलत्या आल्या, आत्या आल्या. प्रत्येकीला त्यानं लांबून हात जोडले आणि दाजींची खुशाली विचारली. "किती वळणाचा नवरामुलगा!" असं बायका म्हणू लागल्या. मुलीच्या बापानंही सुटकेचा निःश्वास टाकला.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. मास्तरांनी बँडला इशारा करायला हात उचलला. अंतरपाट खाली आला. समोर हार घेऊन कौसल्या उभी.

तुळशा दोन हात मागं सरकला. त्यानं आपला हार काखेत मारला आणि हात जोडले.

"नमस्कार, ताई. दाजी बरे आहेत ना?"

भटजींच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. मास्तरांचा हात वरच अडकला. मुलीचा बाप "गाडी काढा रे!" म्हणत उठलाच.

कौसल्या दोन हात पुढं आली आणि तिनं तुळशाच्या गळ्यात हार घातला.

"सकाळपर्यंत बरे होते," ती म्हणाली.