म्हाताऱ्या साळूचे दात

एका डोंगराच्या पायथ्याला, करवंदीच्या जाळीखालच्या बिळात, एक म्हातारी साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेले. तिचा मुलगा आणि सून तिच्याबरोबरच राहत. त्यांच्या बिळाच्या तोंडाशी सांबराचे एक गळून पडलेले शिंग ठेवलेले असे. बाहेर पडताना प्रत्येकाने ते थोडे कुरतडायचे आणि मग निघायचे, अशी साळूंच्या घरची रीतच होती. का, ते मात्र कुणी कधी विचारले नव्हते.

एके संध्याकाळी चढावर कंद उकरताना म्हातारीचा पाय घसरला. ती गडगडत खाली आली. दोन काटे मोडले, गुडघा खरचटला. यापलीकडे काही झाले नाही. पण मुलाने हाय खाल्ली.

"आई, आजपासून तू बिळाबाहेर पाऊल टाकायचं नाहीस."

"गुडघा खरचटलाय रे, तुटला नाही."

"आज खरचटलाय, उद्या तुटेल. मग सगळे मलाच नावं ठेवतील. म्हणतील, म्हातारीला अजून राबवतो."

"त्यांना दुसरे उद्योग नाहीत का?" म्हातारी म्हणाली. पण मुलगा ऐकेना. सुनेने तर शिंगही उचलून आत कोपऱ्यात टाकले. "या वयात कशाला ते चावत बसता, आई? दात दुखतील," ती म्हणाली.

खोटे कशाला सांगू, पहिले काही दिवस म्हातारीलाही बरे वाटले. सून कंद सोलून आणी, पिकलेली उंबरे निवडून आणी. शेजारचा ससा येऊन म्हणाला, "नशीब काढलंत हो आजी, बसल्या जागी ताट येतंय!" म्हातारी हसली आणि खात राहिली.

दोन महिन्यांत तिचे पाय आखडले. कूस बदलायची तर सुनेला हाक मारावी लागे. मग खाणे कमी झाले. उंबर तोंडात धरले की घरंगळून खाली पडे. सुनेने मोहाची फुले ठेचून दिली, तीही जाईनात. जितके मऊ खाणे येई, तितके म्हातारीच्या पोटात कमी जाई. काटे गळू लागले. हाडे वर आली.

"वय झालं, दुसरं काय," मुलगा म्हणाला.

नातेवाईक भेटायला येऊ लागले. तिच्यासमोरच हळू आवाजात बोलत. जणू म्हातारीचे कानही गेले होते! कान तिचे धड होते. एका पुतण्याने विचारले, "बिळातली हिची पुढची खोली मग कोणाला जाणार?" म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. मी अजून इथे आहे, असे तिला ओरडून सांगायचे होते, पण तोंड नीट मिटतच नव्हते, तर शब्द कुठून फुटणार?

शेवटी डोंगरापलीकडची म्हातारी घोरपड आली. ती हिची जुनी मैत्रीण, जिभेने तिखट. तिने ना सुस्कारा टाकला, ना डोळे पुसले.

"तोंड उघड," ती म्हणाली. आत पाहिले आणि मुलाकडे वळली. "अरे शहाण्या, हिला काही रोग नाही. दात वाढलेत हिचे. तुम्हा साळूंचे दात मरेपर्यंत वाढतात, ते झिजवावे लागतात. शिंग कशाला ठेवता दारात? शोभेला?"

"मावशी, तुम्हाला बोलायला काय जातंय?" मुलगा तडकला. "बाहेर जाऊन पुन्हा पडली तर?"

"पडली तर पडेल. इथं बसून उपाशी मरतेय, ते चालतंय तुला?"

"आम्ही काय वाईट केलं?" सून रडवेली झाली. "एक दिवस त्यांना खायला कमी केलं नाही."

"सोललंस, ठेचलंस. आता फक्त चावून भरवायचं राहिलंय!"

मग सून उठली, कोपऱ्यातले शिंग ढकलत आणले आणि सासूच्या तोंडाशी ठेवले. म्हातारीने दात लावले. कळ थेट डोक्यात गेली. हिरडीतून रक्त आले, तरी ती कुरतडत राहिली. "पुरे, आई!" म्हणत मुलगा शिंग ओढायला धावला.

म्हातारीने अंगावर उरलेसुरले सगळे काटे उभे केले आणि खडखडा वाजवले. आपल्या पोटच्या पोरावर! मुलगा चार पावले मागे सरला.

चौथ्या दिवशी वाढलेल्या दाताचा तुकडा पडला. तोंड मिटले. त्या संध्याकाळी तिने एक कंद सालीसकट खाल्ला. पाय मात्र इतक्या लवकर ऐकेनात. पहिल्या दिवशी ती बिळाच्या तोंडापर्यंत गेली आणि धापा टाकत बसली. आठवडाभराने करवंदीच्या जाळीपर्यंत. एकदा वाटेत पडली. मुलगा धावला, तशी ती ओरडली, "तिथंच थांब!" तो थांबला. धावण्यापेक्षा थांबणेच त्याला जड गेले. म्हातारीने श्वास घेतला, पुढचे पाय रोवले आणि बऱ्याच वेळाने उठून उभी राहिली.

ती काही तरुण झाली नाही. गुडघा दुखायचा तो दुखतच राहिला. चढावर जाणे तिने आपणहून सोडले आणि सपाटीवरची मऊ जमीन धरली. एके दिवशी तिथे तिने एका कंदाभोवतीची माती उकरायला घेतली. मुलगा बाजूला उभा होता, मधे पडला नाही. अर्धी माती निघाली आणि तिचे हात भरून आले.

"आता तू उकर," ती म्हणाली.

तेव्हा कुठे मुलगा पुढे झाला.

तात्पर्य : पडू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाला बसवून ठेवले, तर त्याचे उठणेही बंद होते. त्याला जे जमते ते त्याचे त्याला करू द्यावे, आणि त्याने हाक मारली की मात्र उशीर करू नये.