विश्वरूपाचा अंगरखा

ज्याने आभाळाचे पांघरूण करून साऱ्या चराचराला पोटाशी घेतले, त्या गोपाळकृष्णाच्या चरणी मस्तक ठेवून ही लहानशी कथा आरंभितो. यात गोड लागेल ते त्याचे, उणे राहील ते माझे.

एका गावात एक शिंपीण राहत असे. तिचे नाव भागीरथी. पण लहानथोर सारे तिला भागामावशी म्हणत. पती निवर्तल्यावर तिने त्याची कात्री कपाळाला लावली आणि त्याच्याच बैठकीवर बसून शिवण हाती घेतले. हाताला सुईची आणि ओठांना नामाची सवय अशी जडली होती, की टाका आणि नाम बरोबरच पडे. तिने शिवलेले झबले घालूनच गावातले प्रत्येक मूल प्रथम देवदर्शनाला जाई.

त्या गावी गोपाळकृष्णाचे देऊळ होते. उत्सवाच्या अखेरच्या दिवशी, सूर्य कलता झाला की सभामंडपात लळित होई. सोंगे येत, लोकांना हसवून जात. आणि सर्वांत शेवटी भगवंत अर्जुनाला विश्वरूप दाखवीत. ते सोंग दोन्ही हात पसरून उभे राहिले की त्याची आरती होई, आणि मगच उत्सव सुफळ झाला असे मानीत. सोंग घेण्याची पाळी घरोघर फिरत असे. गरीब नाही, श्रीमंत नाही. पाळी येईल त्याच्या अंगावर देवाचे वस्त्र चढे.

एका वर्षी उत्सवाच्या तोंडावर देवळातली पेटी उघडली, तो विश्वरूपाच्या जरीच्या अंगरख्याला वाळवी लागलेली. हात लावताच त्याची माती झाली.

गावात कापडाचे दुकान एकच, त्र्यंबकशेठचे. महादू गुरव त्यांच्या दारी गेला. शेठ म्हणाले, "रेशमाचा अख्खा तागा देतो. पण विश्वरूपाचे सोंग यंदा माझा मुलगा घेईल."

यंदाची पाळी होती गणोजी कुंभाराची. महादूने हात जोडले. "शेठ, तागा तुमचा, पण पाळी देवाची. ती मोडायला मी कोण?"

"मग देवालाच सांग कापड विणायला!" असे म्हणून शेठनी फळ्या लावून घेतल्या.

गाव चिंतेत पडले. विश्वरूपावाचून आरती नाही, आरतीवाचून उत्सव पुरा नाही. तेव्हा भागामावशी पुढे झाली. म्हणाली, "विश्वाचं रूप ना ते? मग विश्वाच्या घरातूनच कापड घेऊ. घरटी एक जुनं वस्त्र द्या. शिवायचं माझ्याकडे लागलं."

एका म्हातारीने शंका काढली, "अंगावर वापरलेलं गं? देवाला चालेल का ते?"

"आजी, सुदाम्याचे पोहे काय चांदीच्या ताटातून आले होते? फाटक्या फडक्यातूनच ना? देवानं आधी त्या फडक्याचीच गाठ सोडली."

म्हातारी हसली आणि आपल्या लग्नातल्या शालूचा पदर घेऊन आली. मग काय विचारता! धनगराने घोंगडीची किनार दिली. तेल्याने पागोटे दिले. सुईणीने धुवट लुगडे दिले, गुरवाने उपरणे दिले. कोणी बाळाची कुंची आणली, कोणी विटलेली चोळी. भागामावशीने ते सारे रिठ्याच्या पाण्यात उकळले, उन्हात वाळवले आणि एकेक शिवण हलक्या हाताने उसवली. जुने नीट उसवल्यावाचून नवे शिवता येत नाही, हे तिला ठाऊक होते.

अंगणात कापडांचे तुकडे मांडून ती रंगाला रंग जुळवीत बसली होती. शेठ रस्त्याने चालले होते. ते थांबून म्हणाले, "काय मावशी, देवाला गोधडी नेसवणार वाटतं यंदा?"

"गोधडीतच उभं गाव निजतं, शेठ."

"निजू दे. पण चिंध्यांच्या देवापुढे आमचं मस्तक लवायचं नाही."

तो शब्द मावशीच्या आत काट्यासारखा रुतला. तिने मनोमन ठरवले, शेठच्या घरचे सूतसुद्धा या अंगरख्याला लागू द्यायचे नाही.

दुसऱ्या दिवशी शेठची सून परसदाराने आली. पदराआडून तिने एक इवलेसे पिवळे आंगडे काढले. "मावशी, हे मामंजींचं, तान्हेपणीचं. सासूबाईंनी जाताना माझ्या हाती सोपवलं होतं. आमचं घर तेवढं वगळू नका हो."

मावशीने आंगडे ठेवून घेतले. सून वळताच मात्र ते चिंध्यांच्या पिशवीत कोंबले आणि तणतणत अंगरख्याच्या बाजू शिवायला घेतल्या. त्या दिवशी टाका पडत होता, पण ओठांवर नाम नव्हते.

अंगरखा तयार झाला. जणू शेतमळे, नदी, फुलबाग, सांजवेळ सारे एका वस्त्रात उतरले होते! जो पाही तो तोंडात बोट घाली. लळिताच्या दिवशी सकाळी गणोजीने तो अंगात चढवला.

"आता हात पसर पाहू, देवा," मावशी कौतुकाने म्हणाली.

गणोजीने हात पसरले मात्र, टर्रकन आवाज झाला. काखेची शिवण उसवली होती.

"मावशी, देव फुटला की काय?" गणोजी घाबरून म्हणाला.

मावशीला क्षणात उमगले. त्या गावी सोंगाचे माप देवापुढे, हात जोडून उभे राहून देण्याची रीत होती. ते माप काखेत तोकडे पडे, म्हणून हात पसरता यावेत यासाठी तिथे एक जोडतुकडा घालावाच लागे. इतर सोंगांच्या कपड्यांत वर्षानुवर्षे तिने तो घातला होता. या खेपेला रागाच्या भरात तेवढाच राहिला.

आता कापड उरले नव्हते. पिशवी झटकली, तेव्हा चिंध्यांतून ते पिवळे आंगडे बाहेर पडले. मावशी त्याच्याकडे पाहतच राहिली. स्वतःशीच म्हणाली, "एक घर वगळून शिवलेला देव हात पसरील तरी कसा?"

ती तशीच उठली आणि भर उन्हात शेठच्या दुकानाची पायरी चढली. आंगडे पुढे ठेवून म्हणाली, "शेठ, हे तुमच्या घरून प्रेमानं आलं होतं. मी रागानं चिंध्यांत टाकलं. चुकले मी. तुमची आज्ञा असेल तर देवाच्या वस्त्राला लावते."

शेठनी आंगडे उचलले. कडेचे बारीक टाके त्यांच्या आईच्या हातचे होते. बराच वेळ ते त्यावरून बोट फिरवीत राहिले. मग अवघडून म्हणाले, "कुठे लावणार?"

"खोटं कशाला बोलू? काखेत. वरून दिसायचं नाही."

"लावा," शेठ म्हणाले, आणि आंगडे त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवले.

सायंकाळी लळित रंगले. टाळमृदंगाच्या गजरात विश्वरूप प्रकटले. मंडपात एकच कुजबुज उठली.

"अरे, ते बघ माझं पागोटं!" तेली ओरडला.

"गप रे," बायकोने दटावले, "आता देवाचं आहे ते."

मंडपाच्या अगदी मागे, खांबाशी शेठ उभे होते. त्यांना आपले आंगडे कोठेच दिसेना. तोच भगवंतांनी दोन्ही बाहू पसरले. शिवण निमूट राहिली, काख उघडली आणि समईच्या उजेडात ते पिवळे आंगडे झळकले. शेठना वाटले, आईने आपल्याला उचलून देवाच्या कुशीत दिले आहे. त्यांचे हात आपोआप जुळले आणि मस्तक लवले.

आरती झाली. भागामावशी डोळे मिटून उभी होती. तिच्या ओठांवर नाम परतले होते.

तात्पर्य: जुन्या चिंध्यांतूनही देवाचे वस्त्र होते, पण एकालाही मनातून वगळले, तर त्या वस्त्रात देवाचे हात पसरत नाहीत.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर मायेचे वस्त्र असो, घराघरांत तुटलेले सांधणारे हात असोत, आणि त्या जगदीश्वराच्या पसरल्या बाहूंत तुम्हां सर्वांना ठाव मिळो. शुभं भवतु.