तटावरचं पहिलं पाऊल

फार जुनी गोष्ट आहे. राज्यं तलवारीवर उभी राहत आणि सरदार जिवापेक्षा नावाला जपत, त्या काळातली.

एका राज्याच्या फौजेत हैबतराव आणि सिदोजी असे दोन सरदार होते. दोघांनी मिळून शत्रूचा एक अवघड किल्ला घेतला. संध्याकाळी छावणीत सगळे आनंदात बसले असताना हैबतराव म्हणाला, "तटावर पहिलं पाऊल माझं पडलं."

"साफ खोटं," सिदोजी म्हणाला. "आधी मी चढलो."

चारचौघांत खोटं ठरणं हैबतरावाला सोसवेना. त्याने तिथल्या तिथे सिदोजीला द्वंद्वाचं आव्हान दिलं. सिदोजीनेही ते स्वीकारलं.

पण त्या फौजेचा रिवाज होता, आपसातलं भांडण आधी सेनापतींच्या कानावर घालायचं. म्हाताऱ्या सेनापतींनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं.

"लढा. मी अडवणार नाही," ते म्हणाले. "मात्र त्याआधी एकमेकांच्या पथकापुढे उभे राहा. 'तुमच्या सरदाराला मी मारणार आहे, शत्रू आला तर तो तुमच्या पुढे नसेल,' हे आपल्या तोंडाने सांगा. हैबतराव, आव्हान तुमचं. आधी तुम्ही जा."

हैबतराव ताठ मानेने निघाला. मागोमाग सिदोजी आणि सेनापतीही गेले. सिदोजीचे शिपाई जखमा बांधत बसले होते. त्याला पाहताच सगळे उठले. एकाचा पाय मोडला होता. तोही सोबत्याचा खांदा धरून उठला आणि म्हणाला, "राव, आज तटावर तुम्ही हात दिलात, म्हणून मी जिवंत आहे."

हैबतरावाच्या मनात आलं, या माणसांचा सरदार मारून आपलं नाव कसलं मोठं होणार?

मग तो म्हणाला, "गड्यांनो, आधी कोण चढलं, हा वाद मी सोडला. तुमचा सरदार शेजारी लढत होता, म्हणून मी तटावर टिकलो."

मागे उभा असलेला सिदोजी पुढे आला. आपल्याच शिपायांसमोर त्याने मान खाली घातली. "पहिलं पाऊल यांचंच होतं," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी नाकारलं."

सेनापतींनी दोघांना जवळ घेतलं. "किल्ले मी पुष्कळ घेतले," ते म्हणाले, "पण आजच्याइतका अभिमान कधी वाटला नाही."

पुढे शत्रू चालून आला, तेव्हा ती दोन्ही पथकं एकाच तटावर खांद्याला खांदा लावून लढली. किल्ला हातचा गेला नाही.

सोबत्यासाठी जो आपला हट्ट सोडतो, तोच खरा मानी.