कुंपणापलीकडचा मेंढा

एका माळरानावर मेंढ्यांचा एक कळप राहत असे. त्यांचा मेंढपाळ फार मायाळू होता. कळपातल्या प्रत्येकाला तो वेगळी हाक मारी आणि ती ऐकली की जो तो आपली हाक ओळखून मान वर करी. माळाभोवती त्याने बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले होते. पलीकडे दुसऱ्या कुणाचे तरी लसूणघासाचे हिरवेगार शेत होते. "त्या शेतात तोंड घालायचं नाही," असे त्याने सगळ्यांना बजावले होते. "ते आपलं नाही. शिवाय पलीकडच्या ओढ्यात लांडगा असतो."

मुलांनो, त्या कळपातल्या एका मेंढीची ही गोष्ट आहे. तिच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला एक तरुण मेंढा होता. दोघांच्याही आया लवकर गेल्या, तेव्हा मेंढपाळाने दोघांना एकाच बाटलीने दूध पाजले होते. थंडीत दोघे एकमेकांच्या कुशीला टेकून झोपत. सख्खी भावंडेही इतक्या मायेने राहत नसतील.

एका उन्हाळ्यात माळावरचे गवत पार वाळून गेले. मेंढपाळ लांबून बाभळीच्या शेंगा आणी आणि सगळ्यांना थोड्या थोड्या वाटून देई. एके दुपारी मेंढीने पाहिले, तरुण मेंढा कुंपणाच्या एका फटीतून अंग चोरत आत येत होता. त्याच्या ओठांना हिरवा रस लागला होता.

"कुठे होतास?" तिने विचारले.

"इथेच. सावलीत पडलो होतो," तो म्हणाला आणि त्याने नजर चुकवली.

तो खोटे बोलतो आहे हे तिला कळले. तिला वाईट वाटले, रागही आला. मागे एकदा त्याच फटीतून मान घालून तिनेही दोन घास खाल्ले होते, पण ते तिने कुणालाच सांगितले नव्हते. त्याच्याजवळ बसावे, त्याला समजवावे, असे तिच्या मनात आले. पण बोलणे जड वाटले. संध्याकाळी शेजारच्या मेंढीपाशी मात्र ती सहज बोलून गेली, "तुला म्हणून सांगते, तो पलीकडच्या शेतात जातो. मला त्याची फार काळजी वाटते गं."

शेजारणीने ते तिसरीला सांगितले, तिसरीने चौथीला. दोन दिवसांत कळपभर झाले. तरुण मेंढा शेंगा खायला आला की बाकीच्या सरकून बसू लागल्या. काय झाले ते त्याला कुणी विचारले नाही. तो आणखीच एकटा पडला आणि आणखी वेळा फटीतून जाऊ लागला.

एके सकाळी मेंढपाळ शेंगा आणायला गेला असताना कळपाच्या पुढे चालणाऱ्या थोरल्या एडक्याने सगळ्यांना गोळा केले. एडका मनाने वाईट नव्हता. कळपाला नीट वळण असावे एवढेच त्याला हवे होते. सगळ्यांदेखत तो तरुण मेंढ्याला म्हणाला, "तू धन्याचा शब्द मोडलास. वर खोटं बोललास. तू इथे राहिलास तर कोकरंही बिघडतील. तुला जिथलं गवत गोड लागतं, तिथेच जाऊन राहा."

तरुण मेंढा खाली मान घालून उभा होता. "चुकलो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की तो फक्त मेंढीला ऐकू आला. तिने वर पाहिले. तोही तिच्याकडेच पाहत होता. तिने नजर वळवली.

तो फटीतून बाहेर गेला, पण लांब गेला नाही. दुपारभर तो कुंपणाला अंग घासत उन्हात उभा राहिला. समोर हिरवा घास होता, त्याने त्याला तोंडही लावले नाही. मेंढी उठून दोन पावले कुंपणाकडे गेली.

"कुठे निघालीस?" शेजारीण म्हणाली. "तूही जात होतीस की काय त्याच्याबरोबर?"

मेंढी परत येऊन खाली बसली. ऊन उतरल्यावर तिने पुन्हा पाहिले, तेव्हा कुंपणापाशी कुणी नव्हते.

दिवस मावळताना मेंढपाळ परतला. एकेकाला हाक मारता मारता तो थांबला. एका हाकेला कुणी मान वर केली नव्हती. खांद्यावरचे शेंगांचे गाठोडे तसेच खाली टाकून तो ओढ्याकडे धावला.

पहाटे तो आला तेव्हा तरुण मेंढा त्याच्या खांद्यावर होता. लांडग्याने त्याचा गळा धरला होता. मेंढपाळाने त्याला मांडीवर घेतले, पाणी पाजून पाहिले. पाणी बाहेर ओघळले. मेंढी जवळ गेली.

"मी वाट पाहिली," मेंढा कसाबसा म्हणाला. "वाटलं, तू तरी हाक मारशील."

"अरे, मी..." एवढेच तिला बोलता आले. सूर्य वर येण्याआधी तो गेला.

मेंढपाळ कुणावर रागावला नाही. तो नुसता रडत बसला, आणि ते पाहणे रागावण्याहून कठीण होते. मग त्याने बोरीखाली खड्डा खणला. सगळा कळप भोवती उभा राहिला.

एडका मेंढीपाशी आला. "मी खोटं काही बोललो नव्हतो," तो हळूच म्हणाला.

"नाही," मेंढी म्हणाली. "मीही खोटं काही सांगितलं नव्हतं. आपण सगळे त्याच्याबद्दल खरंच बोललो. त्याच्याशी मात्र कुणीच बोललं नाही."

एडक्याने मान खाली घातली. मेंढपाळ खड्ड्यात माती लोटत होता.

तात्पर्य : ख्रिस्ताच्या कळपातला आपला भाऊ किंवा बहीण पापात पडली, तर त्याची वाच्यता करू नये आणि त्यांना हाकलूनही देऊ नये, आपणही पडू शकतो हे मनात ठेवून आधी एकट्याने त्यांच्याकडे जावे आणि मायेने, वेळेवर, त्यांना परत आणावे.