गाळाच्या वर्षातली वाढ

फार फार वर्षांपूर्वी, आज जिथे कोरडी टेकडी आहे तिथे उथळ समुद्र होता. त्यात प्रवाळांची एक वसाहत होती. तांदळाच्या दाण्याएवढे ते जीव चुन्याची दगडी वाटी बांधून तिच्यात राहत, आणि जुन्या वाट्यांवर नव्या वाट्या चढत जात. त्यांच्याच फांद्यांत रेवा नावाची खेकडी लहानाची मोठी झाली होती.

एका वर्षी नदीने वाट बदलली आणि तिचा गाळ समुद्रात येऊ लागला. प्रवाळांची तोंडं बुजू लागली. रेवा रोज नांगीने गाळ झाडू लागली.

"पोरी, तुला पाय आहेत, तू जा," प्रवाळ म्हणाले. "हा गाळ काही थांबायचा नाही."

"ठाऊक आहे मला," रेवा म्हणाली. "पण आजचा घास तरी तुमच्या पोटात जाईल."

वर्षभर ती झाडत राहिली. मग तिची ताकद संपली आणि गाळाने सगळ्यांनाच झाकलं. युगं लोटली. गाळाचा खडक झाला, समुद्र दूर गेला. रेवाचं पातळ कवच कधीच विरून गेलं होतं. प्रवाळांच्या वाट्या मात्र दगडात फुलांसारख्या उमटून राहिल्या. त्यांच्या टोकाला बोटभर वाढ दिसते. ती त्या शेवटच्या वर्षातली आहे.