झुंबरने बॅकअपची खात्री केली

एका गावात एक भोळा नवरा होता. नवाकोरा होता, अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती. नाव झुंबर.

त्याच्या बायकोने, कावेरीने, माहेराहून कपाटाऐवजी संगणक आणला होता. त्यावर ती लग्नपत्रिका करून द्यायची. संगणक जुना, त्यातली विंडोज जुनी, मराठी अक्षरं त्याहून जुनी. दुसऱ्या संगणकावर तिची पत्रिका उघडली, की ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या जागी नुसत्या किड्यामुंग्या दिसायच्या. म्हणजे काय, तर हा संगणक मेला की कावेरीचा धंदा मेला.

आणि ऐन लगीनसराईत संगणक घरघरायला लागला. सरपंचांच्या मुलीची पत्रिका अर्धी झालेली.

सासूबाई म्हणाल्या, “लोकांच्या सुना कपाट आणतात. आमच्या सुनेने दमेकरी आणला.”

कावेरी झुंबरला म्हणाली, “अहो, तालुक्याला जा. बॅकअपचं सॉफ्टवेअर आणा, यातलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवू. पण नवं आणू नका, यावर चालायचं नाही. जुन्याला जुनंच लागतं. ध्यानात राहील?”

“राहील की.”

दुकानात जुनं नव्हतं. झुंबर परत निघाला. वाटेत आठवलं, आईने पेढे सांगितलेत. आई तर जुनी. तो हलवायाला म्हणाला, “सगळ्यात जुने द्या.”

सासूबाई दुसऱ्या दिवशी लोटा घेऊन नुसत्या आत-बाहेर करत होत्या.

कावेरी म्हणाली, “अहो, वस्तू घेण्याआधी जरा चाखून बघायची!”

“बघेन की.”

तो पुन्हा तालुक्याला गेला. या वेळी दुकानदाराने माळ्यावरून एक जुनी सीडी शोधून काढली. झुंबरने ती पुढून चाटली. मागून चाटली. कडेला दात लावून पाहिला.

“आळणी आहे,” तो म्हणाला. “नको.”

दुकानदाराने त्याला पायरीपर्यंत पोचवलं. हाताला धरून नव्हे, मानेला.

कावेरीने कपाळाला हात लावला. “अहो, सॉफ्टवेअर का चाटतात? ते आधी महिनाभर फुकट वापरायचं. पटलं तर पैसे द्यायचे, नाहीतर परत. वापरून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही.”

“नाही ठेवणार.”

तिसऱ्यांदा निघताना झुंबर आधी दाढी करायला बसला. अर्धी झाल्यावर न्हाव्याला म्हणाला, “महिनाभर वापरून बघतो. पटली तर पैसे देईन, नाहीतर दाढी परत.”

न्हाव्याने वस्तरा पुसला. “मग उरलेली अर्धी महिन्यानंतर.”

झुंबर तसाच घरी आला. एक गाल गुळगुळीत, एक गाल जंगल. कावेरीने दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं.

“बरं झालं,” ती म्हणाली, “तुमची दुसरी प्रत नाही काढली कोणी.”

मग ती स्वतःच उठली. शाळेतल्या गुरुजींकडे त्याच जमान्यातली बॅकअपची सीडी निघाली. लावली, आणि चालली! एका छोट्या काळ्या डबीत सगळ्या पत्रिका उतरल्या, अक्षरांसकट, विंडोजसकट. कावेरीच्या जिवात जीव आला.

“झालं बाई एकदाचं,” ती म्हणाली. “आता हा संगणक विहिरीत पडला तरी चिंता नाही.”

“नक्की?” झुंबरने विचारलं.

“नक्की!” म्हणून ती सरपंचांकडे पत्रिकेचा मजकूर वाचून दाखवायला गेली.

परत आली तर टेबल मोकळं. झुंबर परसातल्या विहिरीच्या काठावर बसलेला.

“अहो, संगणक कुठंय?”

“विहिरीत.”

“विहिरीत?”

“तूच म्हणालीस ना, वापरून बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही? पडल्याशिवाय बॅकअप चालतो का ते कळणार कसं?”

कावेरीने धावत जाऊन विहिरीत डोकावलं. मग तिला डबी आठवली. ती ओरडली, “आणि डबी? डबी कुठंय?”

“तीच तर जोडत होतो,” झुंबर म्हणाला. “पण संगणक पार तळाला गेलेला. वायर काही तिथवर पोचेना. मग दिली सोडून.”