शेवटचं पान

एकदा एका व्यापाऱ्याची बायको वृद्ध वैद्यीणबाईंच्या दारी आली आणि औषध मागायचं सोडून सरळ झोपच मागू लागली. द्वारकाबाई तिचं नाव. पन्नाशीला टेकलेल्या, पाळी थांबत आलेली. अंगातून एकाएकी वाफा निघत, घामानं अंथरूण भिजे आणि एकदा डोळा उघडला की मिटायचं नाव घेत नसे. नवऱ्यानं हौसेनं सावरीच्या कापसाची गादी करून दिली होती. गादी मऊ झाली, झोप काही आली नाही.

"लहानपणी मी जेवता जेवताच झोपायची हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "आई उष्टा हात पुसून मला उचलून न्यायची. तशी झोप एकदा लागू दे. दुसरं काही मागत नाही मी."

वैद्यीणबाईंची शिष्या हुशार होती, आणि हुशार माणसाला असते ती घाईही तिला होती. तिनं लगेच झोपेसाठी जटामांसीच्या चूर्णाची पुडी बांधायला घेतली. वैद्यीणबाईंनी मात्र झोपेबद्दल अवाक्षर न काढता पोटाची चौकशी चालवली. पोट फुगतं, छातीत जळजळतं, सकाळी साफ होत नाही, असं द्वारकाबाईंनी संकोचून सांगितलं. पण ते काय, चालायचंच, असंही वर म्हणाल्या. "उद्या तुझ्याकडे जेवायला येते," एवढं बोलून वैद्यीणबाईंनी त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. शिष्येला वाटलं, बाईंचं आता वय झालं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोघी गेल्या. आधी पाहुणे, मग पुरुष, मग मुलंबाळं, सून, गडीमाणसं आणि सगळ्यांच्या शेवटी घरची मालकीण, असा त्या घरचा शिरस्ता. वैद्यीणबाई पाटावर बसल्या, पण अन्नाला हात लावीनात. द्वारकेचं पान माझ्याशेजारी मांडा, मगच जेवते, म्हणाल्या. घर चपापलं. माझं काय मेलीचं, मी मागाहून खाईन दोन घास, असं म्हणत द्वारकाबाई वाढतच राहिल्या. भात निवू लागला. पाहुणी जेवेना, म्हणून कुणालाच जेवता येईना. शिष्या शरमेनं मान खाली घालून बसली. अखेर व्यापारी स्वतः उठला, त्यानं पाट मांडला आणि सुनेनं सासूला वाढलं.

तेव्हा वैद्यीणबाई शिष्येकडे वळल्या.

"या वयात अंग तापतं, झोप विरळ होते. तो शरीराचा ऋतुपालट आहे, तो माझ्या हातात नाही. पण सगळे निजायला गेल्यावर ही बाई उरलंसुरलं, गार झालेलं, टाकवत नाही म्हणून खाते. दिवसभर चहावर भूक मारत असणार. विरजण बिघडलं की दही लागत नाही, तसं हिचं पोट झालंय. पोट रात्रभर राबतंय आणि आपण डोळ्यांना बोल लावतोय. काल विचारलं असतं, तर वेळेवर जेवते म्हणाली असती. पुडी दे हवी तर. आधी हिला वेळेवर, ऊन ऊन जेवू दे."

व्यापारी तुपाची वाटी घेऊन उभा होता. त्यानं बायकोच्या भातावर तूप वाढलं. "सावकाश जेव," एवढंच म्हणाला. द्वारकाबाईंचा घास हातातच राहिला. माहेर सुटल्यापासून असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्या सगळ्यांदेखत रडल्या आणि मग पोटभर जेवल्या.

काही महिन्यांनी शिष्या एका संध्याकाळी त्या घरी गेली. सुनेनं हळू आवाजात सांगितलं की घामानं सासूबाई अजून जाग्या होतात, पण आताशा पुन्हा डोळा लागतो. पोटाची तक्रारही बरीच कमी झाली आहे. बोलत दोघी आत आल्या, तर द्वारकाबाई पानावरच भिंतीला टेकून झोपी गेल्या होत्या. बोटांना भात तसाच चिकटलेला.

सुनेनं पदर ओला केला आणि त्यांचा उष्टा हात अलगद पुसला.

आपल्या घरी शेवटचं पान कुणाचं असतं, एवढं आज पाहावं.